जुन्या गोल्डविंगची बॅटरी सारखी उतरते: स्टेटरच्या पिवळ्या तारांपासून बाहेरच्या अल्टरनेटरपर्यंत

तक्रार नेहमी एकाच क्रमाने येते. बॅटरी नवी घातली, महिना-दीड महिना सगळं सुरळीत चाललं. मग जादा दिवे लावून एक लांबची रात्रीची फेरी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता टक् करून थांबला. बॅटरी बाहेर काढून चार्ज केली की पुन्हा चार दिवस बरे. त्यानंतर कोणीतरी स्टेटर, म्हणजे इंजिनातलं वीज तयार करणारं तांब्याचं वेटोळं, बदलायला सांगतो. इंजिन उतरवून तो बदलला जातो आणि दोनेक वर्षांत तोही जळतो.

ही गत होंडा गोल्डविंगच्या पहिल्या तीन पिढ्यांची आहे: १९७५ पासूनची जीएल १०००, १९८० ची जीएल ११०० आणि १९८४ ते १९८७ मधली जीएल १२००. तिन्हींची चार सिलिंडर समोरासमोर आडवी बसवलेली आहेत आणि चार्जिंगचा स्टेटर इंजिनाच्या मागच्या झाकणात आहे. मागे हात घालायला जागा नसल्यामुळे स्टेटर बदलायचा तर अख्खं इंजिन फ्रेममधून खाली घ्यावं लागतं. अमेरिकेत या गाड्या अजून मोठ्या संख्येने पळतात. तिथल्या मालकांनी यावर जो उपाय रूढ केला त्याला ‘पूअर बॉय कन्व्हर्जन’ म्हणतात. जुना स्टेटर आहे तिथेच निकामी ठेवायचा आणि छोट्या मोटारीचा अल्टरनेटर इंजिनाच्या पुढच्या बाजूला पट्ट्यावर फिरवायचा. उपाय उत्तम आहे. पण घाईने बसवलेला अल्टरनेटर जुन्या दुखण्याच्या जागी नवं दुखणं आणतो. म्हणून आधी जळण्याचं कारण पाहू, मग जोडणी.

स्टेटर पुन्हा पुन्हा का जळतो

या गाड्यांचा रोटर, म्हणजे वीज तयार करणाऱ्या जोडीतला फिरणारा भाग, कायम चुंबकाचा आहे. इंजिन फिरलं की स्टेटर वीज तयार करणारच, त्याला कमी-जास्त करता येत नाही. मग जादा विजेचं करायचं काय? बॅटरीकडे जाणारी वीज आवरणारा मूळ रेग्युलेटर शंट पद्धतीचा आहे. बॅटरी भरली की तो स्टेटरच्या तारा आपसात शॉर्ट करतो आणि जादा करंट वेटोळ्यातच फिरवून उष्णतेत घालवतो. नळाला तोटीच नाही, म्हणून नको असलेलं पाणी अखंड मोरीत सोडायचं, तसा हा प्रकार. दिवे बंद ठेवून गाडी चालवली म्हणजे स्टेटरला आराम मिळतो, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. भार असो वा नसो, तांब्याची तार तापतच असते. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून तारेवरचं वार्निश ठिसूळ होतं आणि एक दिवस वेटोळं बॉडीला टेकतं.

दुसरं कारण बाहेर आहे, आणि तेच जास्त वेळा खरं दोषी असतं. स्टेटरकडून तीन पिवळ्या तारा येतात आणि बॅटरीजवळच्या प्लगमधून रेग्युलेटरकडे जातात. हा प्लग उघडून नीट बघा. पांढरं प्लॅस्टिक एका खाचेभोवती तपकिरी झालेलं असेल, आतली पितळी पिन जांभळट-काळी पडलेली असेल आणि तिच्या मागची पिवळी तार बोटांत वाकवली की आवरण कडक लागून चिरेल. तशी खूण दिसली की दोष सापडला. एका पिनेचा रोध वाढला की तीन फेजमधला समतोल बिघडतो आणि उरलेल्या दोन फेज जास्त तापतात. प्लग तसाच ठेवून स्टेटर बदलला तर नव्या स्टेटरचंही तेच होणार.

प्लग कापून टाका. तारांची टोकं ताज्या, चकचकीत तांब्यापर्यंत सोला. तांबं काळं लागलं तर आणखी एक-दोन इंच मागे जा, काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. तिन्ही जोड सोल्डर करून प्रत्येकावर वेगळी हीटश्रिंक नळी चढवा. सोल्डरच्या कडेला तार ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते, त्यामुळे जोडाच्या दोन्ही बाजूंना तार बांधून आधार द्या. कोणती पिवळी कुठे याला महत्त्व नाही, तिन्ही सारख्याच.

आधी मोजा

मल्टिमीटर हवा, ‘चार्जिंग येतंय वाटतं’ या अंदाजावर काम होत नाही. बॅटरी रात्रभर चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवा. १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. भरलेली बॅटरी स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीच संपलेली आहे, आणि तिथे अल्टरनेटरचा विषयच येत नाही.

मग इंजिन ३००० आरपीएमवर धरून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.५ मिळालं तर यंत्रणा धड आहे आणि प्रश्न फक्त भाराचा आहे. १३ च्या आसपास अडकलं तर स्टेटर तपासा: पिवळ्या तारा सोडवून मीटर एसीवर ठेवा आणि ३००० आरपीएमला दोन-दोन तारांमध्ये मोजा. तिन्ही जोड्यांत साधारण सारखंच, पन्नास व्होल्टच्या वर दिसायला हवं. एक जोडी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी दिसली तर वेटोळं गेलं. इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी तार आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी बघा. बीप वाजली तर स्टेटर बॉडीला टेकलाय. पिवळ्या तारांमधला रोध मात्र एक ओहमपेक्षाही कमी असतो. साधा मीटर तिथे नीट आकडा देत नाही, त्यावरून निकाल लावू नका.

भाराचा हिशोब

जीएल १००० आणि ११०० चा मूळ स्टेटर सुमारे ३०० वॅटचा, साध्या जीएल १२०० चा ३६० वॅटचा. हे आकडे चढ्या आरपीएमचे आहेत. सिग्नलला उभ्या गाडीत यातला छोटा हिस्साच मिळतो.

आता खर्च मांडा. इग्निशन साधारण ६० वॅट, हेडलाइट ६०, मागचे, बाजूचे आणि मीटरचे दिवे मिळून ५०. रेडिएटरचा पंखा चालू झाला की आणखी ५० च्या आसपास. गाडी नुसती चालती ठेवायलाच दोनशेच्या वर गेले. यावर ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११०, गरम जॅकेट ८०, गरम ग्रिप ३५, रेडिओ २०. एकूण ४६५. तूट बॅटरी भरून काढते आणि १०० वॅटची तूट म्हणजे बॅटरीतून ८ अँपिअर. वीस अँपिअर-तासाची चांगली बॅटरी दोन-अडीच तासांत आडवी होते. रात्रीच्या लांब फेरीनंतर सकाळी गाडी मरते ती याच हिशोबाने.

म्हणून बाहेरचा अल्टरनेटर घेण्याआधी दोन स्वस्त गोष्टी करून बघा. हॅलोजन काढून एलईडी लावले, मागचे आणि बाजूचे दिवेही एलईडी केले तर शंभर-दीडशे वॅट सहज वाचतात. आणि शंट रेग्युलेटरच्या जागी सीरिज पद्धतीचा लावा. शिंडेनगेनचा एसएच८४७ यासाठी नावाजलेला आहे. सीरिज रेग्युलेटर गरज नसताना स्टेटरचं सर्किट उघडं ठेवतो, वेटोळ्यात फुकट करंट फिरत नाही आणि स्टेटर थंड राहतो. यातून वॅट वाढत नाहीत, आयुष्य वाढतं. स्टेटर शाबूत असेल आणि भार तीनशेच्या आत बसत असेल तर इथेच थांबावं, हे आमचं स्पष्ट मत आहे.

स्टेटर मेलेलाच असेल किंवा भार खरोखर चारशे-पाचशे वॅटचा असेल, तर बाहेरचा अल्टरनेटर. होंडाने स्वतःही १९८८ च्या सहा सिलिंडर जीएल १५०० मध्ये हाच रस्ता धरला. तिथे अल्टरनेटर मोटारीसारखा वेगळा, इंजिनाच्या मागे बोल्टने बसवलेला आहे आणि इंजिन न उतरवता काढता येतो. मूळचाच ५४६ वॅटचा.

अल्टरनेटर कोणता, पुली केवढी

आकाराने छोटा, आत रेग्युलेटर असलेला, ४० ते ५५ अँपिअरचा डेन्सो पद्धतीचा घ्या. अमेरिकेत कुबोटाच्या छोट्या डिझेल इंजिनांवरचे ४० अँपिअरचे किंवा जिओ मेट्रो मोटारीवरचे वापरतात. आपल्याकडे मारुती ८०० चा अल्टरनेटर पाहिलेल्याला आकाराचा अंदाज येईल. ९० अँपिअरच्या मोहात पडू नका. तो रुंद असतो, चाकाच्या वाटेत येतो, आणि मोठ्या अल्टरनेटरला आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, पुरेसा वेगही मिळत नाही.

४० अँपिअर आणि १४ व्होल्ट म्हणजे ५६० वॅट. अल्टरनेटर आणि पट्ट्याचं नुकसान धरलं तर क्रँककडून (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याकडून) सुमारे १००० वॅट, म्हणजे सव्वा-दीड हॉर्सपॉवर जातात. गाडीच्या ताकदीत फरक जाणवत नाही, पण आयडलिंगला जाणवतो.

पुलीचं गुणोत्तर हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग आहे. मोटारीत अल्टरनेटर क्रँकच्या दोन-अडीच पट फिरतो, कारण मोटारीचं इंजिन सहसा सहा हजारांच्या पलीकडे जात नाही. गोल्डविंग आठ हजारांपर्यंत जाते. तेच गुणोत्तर इथे ठेवलं तर अल्टरनेटर वीस हजारांवर फिरेल, रोटरची वेटोळी सुटतील आणि बेअरिंग उडतील. क्रँकची पुली ९० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ६० मिलिमीटर घेतली की गुणोत्तर दीड येतं. १००० च्या आयडलिंगला अल्टरनेटर १५०० वर, ८००० ला १२००० वर. वरची बाजू सुरक्षित. खाली जेमतेम दहाएक अँपिअर मिळतात, म्हणून आयडलिंग अकराशेच्या खाली ठेवू नका.

पट्टा रिबवाला घ्या, चार चऱ्यांचा, म्हणजे ४पीके. साधा व्ही पट्टा छोट्या पुलीवर वाकताना तापतो आणि ओला झाला की घसरतो. लांबी अशी काढा: दोन केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांच्या बेरजेला १.५७ ने गुणून. अंतर १८० मिलिमीटर असेल तर ३६० अधिक २३५, म्हणजे ५९५ च्या आसपास. व्यासांमधल्या फरकाने मिलिमीटरभर वाढतं, ते सोडून द्या. ताण देण्यासाठी अल्टरनेटर दोन्ही बाजूंना किमान १० मिलिमीटर सरकला पाहिजे, नाहीतर पट्टा चढवतानाच हाल होतात.

पुढचं कव्हर उघडताना

क्रँकचं पुढचं टोक टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या पट्ट्यांच्या, कव्हरमागे आहे. ते उघडलंच आहे तर दोन्ही टायमिंग बेल्ट बदलून टाका आणि टेन्शनर हाताने फिरवून बघा. कुरकुर लागली तर तेही नवे. या इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो. बेल्ट स्वस्त आहेत, हेड महाग.

नवी पुली टायमिंग पुलीच्या बोल्टवरच धरली जाते. लेथवर करून घ्यायची असेल तर टर्नरला दोन गोष्टी आग्रहाने सांगा. पुलीला मागे कॉलर हवी, म्हणजे ती बोल्टच्या भरवशावर न राहता क्रँकच्या मधोमध बसेल. आणि चरे, मधलं छिद्र आणि कॉलर एकाच सेटिंगमध्ये कापले पाहिजेत. जॉब उलटा धरून छिद्र केलं की पुली डोलते. बसवल्यावर डायल गेज लावून फिरवा, ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर परत लेथवर. पुलीच्या जाडीइतका बोल्ट लांब लागतो. मूळ बोल्टचे जेवढे आटे क्रँकमध्ये जात होते तेवढे जायलाच हवेत, आणि ग्रेड १०.९ च्या खाली नको. आवळायचा टॉर्क मॅन्युअलमधला.

कव्हरला पुलीसाठी मध्ये भोक पाडावं लागतं. ते मोठं पाडून मोकळं सोडू नका. पुली आणि कव्हर यांच्यात दोनेक मिलिमीटरची फट पुरते. पुढच्या चाकाने उडवलेला खडा त्या भोकातून टायमिंग बेल्टखाली गेला तर पुढे काय होईल ते वर सांगितलंच आहे. भोक पाडताना कव्हर काढून पाडा. ॲल्युमिनियमचा कीस आत सांडला की तो पुरता निघत नाही.

ब्रॅकेट

अल्टरनेटर तीन-चार किलोचा असतो आणि इंजिन सतत हादरतं. ६ मिलिमीटरपेक्षा पातळ पट्टी चालत नाही, ८ असेल तर निश्चिंत. एक टोक धरून लोंबकळता ठेवू नका. खाली रुंद बिजागरी आणि वर ताण द्यायची कमान, असे दोन आधार हवेत. ब्रॅकेट पूर्ण इंजिनावर धरा. अर्धा इंजिनावर, अर्धा क्रॅश गार्डवर किंवा फ्रेमवर धरला की इंजिन आणि फ्रेम वेगवेगळे हलतात, पुल्यांची रेष क्षणाक्षणाला मोडते आणि शेवटी वेल्डिंगच्या कडेने तडा जातो. वेल्डिंग गाडीवर करायची वेळ आली तर बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरच्या तारा आधी सोडवा.

पुल्यांची रेष सरळ पट्टी लावून बघा. १८० मिलिमीटरच्या अंतरात एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालणार नाही. समायोजन वायसरने करा, ब्रॅकेट वाकवून नाही.

जागा ठरवताना फोर्क पूर्ण दाबून बघा. उभ्या गाडीत बोटभर दिसणारं अंतर खड्ड्यात ब्रेक मारला की शून्य होतं. फोर्कच्या स्प्रिंग काढून किंवा पुढचा भाग पट्ट्याने खाली ओढून, मडगार्ड आणि अल्टरनेटर यांच्यात किमान १५ मिलिमीटर राहतात याची खात्री करा. हँडल दोन्ही टोकांना वळवूनही बघा.

अल्टरनेटर कोणत्या दिशेने तोंड करून बसतो यालाही अर्थ आहे. पुली पुढे किंवा मागे केली की रोटरची फिरण्याची दिशा उलटते. वीज दोन्ही दिशांना सारखीच येते, पण तिरक्या पात्यांचा पंखा उलट फिरला की हवा खेचत नाही आणि डायोड (एसीची डीसी करणारे भाग) भाजतात. फिरण्याची दिशा आधी बघा, मग त्या दिशेच्या पंख्याचा अल्टरनेटर घ्या.

तारा

बॅटरीची निगेटिव्ह काढूनच सुरुवात. तिन्ही पिवळ्या तारा रेग्युलेटरपासून सोडवा आणि प्रत्येक टोक वेगवेगळं झाका. त्या एकत्र पिळून टेप लावणं ही सगळ्यात महागडी चूक आहे. रोटर आतमध्ये फिरतच राहणार, म्हणजे स्टेटर वीज तयार करणारच. टोकं उघडी असतील तर करंट वाहत नाही, एकत्र असतील तर पूर्ण शॉर्ट होऊन तो तेलात भाजत राहतो. शॉर्ट झालेला स्टेटर मात्र तसाही आत तापतो. त्याचं वेटोळं तुटलेलं असेल तर ठीक, पण जळक्या तेलाचा वास येत असेल तर पुढच्या वेळी इंजिन खाली येईल तेव्हा तो काढून टाका.

जुना रेग्युलेटर पूर्ण बाहेर. त्याच्या तारांमधली हिरवी अर्थची आणि लाल-पांढरी बॅटरीकडे जाणारी. काळी तार चावी लावल्यावर जिवंत होते, ती कापून फेकू नका. अल्टरनेटरच्या आयजी टोकाला, म्हणजे चावीची वीज घेणाऱ्या टोकाला, हीच लागते.

अल्टरनेटरच्या बी टोकापासून, म्हणजे जिथून वीज बाहेर येते तिथून, बॅटरीच्या पॉझिटिव्हला थेट तार न्या. ती १० चौरस मिलिमीटरची घ्या. लांबी मीटरभर असेल तर सहाचीही चालते, पण इंजिनाच्या उष्णतेत जाडच बरी. जुन्या लाल-पांढऱ्या तारेत किंवा मूळच्या ३० अँपिअरच्या मेन फ्यूजमधून हा करंट कधीही पाठवू नका. ५० किंवा ६० अँपिअरचा, बोल्टने आवळायचा फ्यूज लावा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. कारण तार घासून बॉडीला टेकली तर खरी आग बॅटरी लावते, अल्टरनेटर नाही.

एस टोक (बॅटरीचं व्होल्टेज बघणारं) असेल तर त्यासाठी वेगळी बारीक तार थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला, ५ अँपिअरच्या फ्यूजमधून. एल टोक चार्जिंगच्या दिव्याला. दिवा साधा, १२ व्होल्ट २-३ वॅटचा असू द्या. एलईडी लावायचा असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा, नाहीतर काही अल्टरनेटर जागेच होत नाहीत. अर्थसाठी ब्रॅकेटवर विसंबू नका. त्यावर रंग असतो. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला तेवढ्याच जाडीची तार द्या.

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा. रिकाम्या बॅटरीला ४० अँपिअरचा अल्टरनेटर जोडला की तो पूर्ण ताकदीने ढकलतो, बॅटरी उकळते आणि अल्टरनेटर तापून नवाच्या नवा खराब होतो.

बसवल्यावर येणारे त्रास

थंड इंजिन चालू करताना किंवा रेस देताना पट्टा किंचाळतो. ताण कमी आहे. पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने बेताने दाबल्यावर पट्टा तीनेक मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून जास्त ताणलात तर आवाज बंद होतो खरा, पण अल्टरनेटरचं पुढचं बेअरिंग काही महिन्यांत घरघरायला लागतं. नवा पट्टा पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये थोडा सैल पडतोच, तेव्हा पुन्हा बघा. पट्ट्यावर ड्रेसिंगचा स्प्रे मारू नका, त्यावर धूळ चिकटून चरे भरतात.

पुलीच्या एका कडेला काळी भुकटी साचते आणि पट्ट्याची कडेची रिब सोलून निघते. पुल्यांची रेष चुकली आहे. दुसरा पट्टा आणण्याआधी वायसरने रेष सुधारा. भुकटी दोन्ही बाजूंना सारखी असेल तर पुली डोलतेय किंवा चऱ्यांचा कोन चुकलाय. पीके पट्ट्याला ४० अंशांचा चरा लागतो आणि दोन चऱ्यांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर.

बॅटरीवर १३.२ च्या वर काही जात नाही. अल्टरनेटरला दोष देण्याआधी तारेत किती व्होल्ट गळतात ते मोजा. सगळे दिवे लावून, २५०० आरपीएमला, मीटरचं एक टोक बी वर आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. ०.३ पेक्षा जास्त आलं तर जोड किंवा फ्यूजचं टोक खराब आहे. मग अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीची निगेटिव्ह, इथे ०.२ च्या आत हवं. दोन्ही ठीक असतील तर आयजीला चावीनंतर पूर्ण १२ व्होल्ट पोचतात का ते बघा. चाळीस वर्षं जुन्या इग्निशन स्विचमध्ये दीड व्होल्ट सहज गळतात. तसं असेल तर काळ्या तारेने एक रिले चालवा आणि आयजीला वीज त्या रिलेतून द्या.

१५ च्या वर जातंय. एस तारेचा जोड गंजलेला आहे का ते आधी बघा. तिथे अर्धा व्होल्ट गळाला की रेग्युलेटरला बॅटरी उपाशी वाटते आणि तो तेवढाच जास्त ढकलतो. एस ठीक असेल तर आतला रेग्युलेटर गेला. या अवस्थेत गाडी चालवू नका, बल्ब आणि बॅटरी दोन्ही जातील.

आयडलिंगला दिवे मंद होतात आणि इंजिन बुडतं. दीडच्या गुणोत्तरात थोडं मंद होणं स्वाभाविक आहे. अल्टरनेटर बसवल्यावर आयडलिंग पुन्हा लावलंच पाहिजे, कारण तिथे दोनशे-तीनशे वॅट जास्तीचे ओढले जातात. सिग्नलला गरम जॅकेट बंद करायची सवय लावली तर हा त्रास उरत नाही.

रात्रभर उभी राहिली की बॅटरी उतरते. चावी बंद करून मीटर अँपिअरवर ठेवा आणि निगेटिव्हच्या वाटेत जोडा. ५० मिलीअँपिअरची गळती दिवसाला १.२ अँपिअर-तास खाते आणि वीसची बॅटरी दोन आठवड्यांत रिकामी करते. बी तार काढल्यावर गळती थांबली तर डायोड फुटलाय. चालू इंजिनावर मीटर एसी व्होल्टला ठेवून बॅटरीवर बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तरी दोष डायोडचाच. रेडिओमध्ये रेसबरोबर चढणारी शीळ ऐकू येत असेल तर तीही त्याचीच खूण. आणि चालू गाडीची बॅटरी काढून ‘अल्टरनेटर देतोय का’ ही जुनी चाचणी करू नका. त्या क्षणी उसळणारं व्होल्टेज रेग्युलेटर आणि इग्निशन मॉड्यूल दोन्ही मारतं.

पावसात चार्जिंग जातं आणि कोरडं झालं की परत येतं. पुढच्या चाकाचं पाणी पट्ट्यावर येतंय. मडगार्डच्या खालच्या टोकाला रबरी फ्लॅप वाढवा आणि पट्ट्यावर पत्र्याचा गार्ड लावा, खालून उघडा, म्हणजे चिखल साचणार नाही. गार्ड बोटांसाठीही हवाच. पट्टा उघडा ठेवलेली गाडी दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

बुलेटला हे बसेल का

महाराष्ट्रात हा प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून थोडक्यात. बुलेटच्या क्रँकचं एक टोक प्रायमरी चेन आणि मूळ अल्टरनेटर घेतात, दुसरं टायमिंगचे गिअर. पट्टा चढवायला मोकळं टोकच उरत नाही. गोल्डविंगचं क्रँक पुढे तोंड करून असतं, म्हणून तिथे जमतं. बुलेटमध्ये दिवे एलईडी करा, अर्थच्या तारा नव्या टाका, आणि गाडीत तीन फेजचा स्टेटर असेल तर सीरिज रेग्युलेटर लावा. एकेरी एसी-डीसी वायरिंगच्या जुन्या गाडीत आधी हेडलाइट एसीवर चालतो की बॅटरीवर ते तपासा. एसीवर असेल तर हेडलाइटला मोठा बल्ब लावल्याने बॅटरी उतरत नाही, नुसता आयडलिंगला उजेड पडत नाही, आणि मग बॅटरीचा दोष दुसरीकडे शोधावा लागतो, बहुतेकदा ब्रेक स्विच अडकल्याने सतत जळणाऱ्या मागच्या दिव्यात.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर

पट्ट्याचा ताण, ब्रॅकेटचे सगळे बोल्ट आणि क्रँकचा बोल्ट पुन्हा तपासा. ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर टॉर्च मारून केसाएवढी रेघ दिसते का बघा. बी टोकाचा नट हाताने हलवा. तो सैल असेल तर त्याखालचं प्लॅस्टिक पिवळं पडायला लागलेलं असतं. पिवळ्या प्लगमध्ये जे झालं त्याचीच ही सुरुवात आहे. नट काढा, टोक घासून स्वच्छ करा आणि स्प्रिंग वायसर घालून पुन्हा आवळा.